काकांचा तळहात

बोलता बोलता उजवा तळहात वर करायचा, करवतीतून ओंडका पार होईपर्यंत थांबायचं आणि अडलेल्या शब्दापासूनच पुढे बोलायचं, ही काकांची पद्धत.

नदीकाठच्या सॉ मिलची देखरेख ते करत आणि मिलला लागूनच्या दोन खोल्यांत राहत. आमचं घर शेजारच्या गल्लीत. तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल, ज्याचं बोलणं एखाद्या यंत्राने घडवलंय.

"अगं, आईला सांग, भुसा..." तळहात वर. करवत किंचाळायची. आम्ही मुली भुशात पाय रोवून उभ्या. "...कोरडा आहे, शेगडीला आजच न्या."

गिऱ्हाईक तावातावाने भांडायला लागलं, तरी हाच तळहात. आवाज थांबला की, "हं, आपण ओरडत होतात. चालू द्या." तोवर त्याचा ताव उतरलेला असायचा.

गुरुवारी आमच्या भागात वीज नसे, त्यामुळे मिल बंद. मग ओंडक्यांचा ढीग आमचा. वर चढलं की नदी थेट पुलापर्यंत दिसायची. अशाच एका गुरुवारी काकांची मुलगी, आमची ताई, न सांगता लग्न करून आली. शेजारी नवरा, मंडईतले हार अजून गळ्यात. काका दारात आले. चेहरा लाल.

"पुन्हा या घरात पाऊल टाकलंस, तर..."

आणि तळहात वर गेला.

आम्ही ढिगावर सवयीने थांबलो. ताईही थांबली. नदीवर टिटवी ओरडली, तेवढीच. बऱ्याच वेळाने काकांचा हात खाली आला.

"...तर जेवल्याशिवाय जायचं नाही. चला, पाय धुवा."

आतून काकूंनी पानं मांडल्याचा आवाज आला.

पुढे ताई हा किस्सा सगळ्यांना सांगायची. "ओंडका जाड निघाला, म्हणून माझं माहेर टिकलं!"

काका म्हणायचे, "सागाचा होता. वेळ लागतो."

मिल गेली. तिथे आता फरसबंद रस्ता आणि बाकं आहेत. काका शेवटी ताईकडे राहत. तिथल्या शांततेतही मधेच तळहात वर करून थांबत.

गेल्या वर्षी ते गेले. भेटायला आलेल्यांना ताईने ओंडक्याचा किस्सा पुन्हा सांगितला. सगळे गेल्यावर मला राहवेना. म्हटलं, "ताई, तो गुरुवार होता. करवत बंद होती."

"माहितीये गं. मी त्यांच्या हाताकडेच बघत होते. वाटलं, आता हा हात खाली आला की..."

तिचा तळहात वर गेला.

मी थांबले.