सोनाआईची प्रोसेस शीट

लेथखाली लोखंडाच्या चिप्स साचतात ना, तसे टूलरूममध्ये किस्से साचतात. संध्याकाळी झाडून काढा, सकाळच्या शिफ्टला पुन्हा ढीग! पिंपरीतल्या आमच्या कंपनीत मी उभी हयात फिटर म्हणून काढली, त्यामुळे माझा ढीग जरा मोठाच आहे. पण कुणी म्हटलं, "राव, एकच सांग," की मी सोनाआईच्या विमानप्रवासाचंच काढतो.

सोनाआई म्हणजे आमच्या नामदेव टर्नरची आई. राहायची चिखलीला. पुणे स्टेशनच्या पुढे कधी गेलेली नाही, त्यात उजवा गुडघा धरलेला. तिची लेक हिरा लग्न होऊन कॅनडाला गेलेली. पहिल्या बाळंतपणाला जवळ कुणी नव्हतं आणि बाळ गेलं. आता पुन्हा दिवस राहिले होते. पत्रात एकच ओळ होती, "आई, या वेळेला तू ये."

त्या काळजीनं नामदेवनं एक अख्खा शाफ्ट कमी मापाचा कापून ठेवला! फोरमन देवधरसाहेब आता भडकणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या. साहेबांनी पत्र वाचलं आणि म्हणाले, "आई जाणार. प्लॅनिंग आपण करायचं."

*

पुण्याला कॅम्पात एक तिकीट एजंट होता. साहेब, नामदेव आणि मी त्याच्याकडे गेलो. लंडनला लगेच पुढचं विमान मिळणारं तिकीट महाग होतं, तिथं सहा तास बसवून ठेवणारं स्वस्त.

एजंट म्हणाला, "म्हातारं माणूस आहे, महागाचं घ्या."

"उलट!" साहेब म्हणाले. "सलग बसली तर गुडघा जाम होईल. सहा तास म्हणजे गुडघ्याची जेवणाची सुट्टी. स्वस्तातलंच द्या! बरं, पुढच्या-मागच्या दोन सीटमध्ये अंतर किती?"

एजंटनं दोन्ही हात पसरून दाखवले.

"असं नाही, मापात सांगा."

"साहेब, आजवर कुणी विचारलं नाही हो!"

"आजवर आमच्या टूलरूमची आई गेली नव्हती."

साहेबांनी थेट विमान कंपनीला पत्र टाकलं. आणि राव, उत्तर आलं! टाइप केलेलं, खाली सही. चौतीस इंच! आम्ही सगळ्यांनी हात पुसून ते पत्र एकेकदा हातात घेतलं.

*

रफिकभाई कासारवाडीला ट्रकच्या सीटा शिवायचे. त्यांना घेऊन आम्ही दोन खुर्च्या बनवल्या, एकीमागे एक, बरोबर चौतीस इंचांवर. टेम्पोतून नेऊन चिखलीला नामदेवच्या अंगणात मांडल्या. साहेब स्टीलची पट्टी घेऊन आले. गुडघ्यापुढे किती जागा उरते ते मोजायचं होतं.

सोनाआई आली, खुर्ची हातानं चाचपली, वर चढली आणि झकास मांडी घालून बसली! "आता ठीक हाय. पाय लोंबकळून बसले की गुडगा ठणकतो बगा."

साहेबांच्या हातातली पट्टी तशीच.

"अरे गाढवांनो," साहेब म्हणाले, "आणि त्यात मी पहिला! आपण जॉब न बघता तो धरायचं फिक्स्चर बनवलं!"

शेवटी रफिकभाईंनी पाय टेकवायला घडीची, गादीची बैठक शिवून दिली. पिशवीत मावेल अशी.

*

एकदा मी तिला वेळेचा फरक समजावत होतो. "सोनाआई, इथं आमची सकाळची शिफ्ट सुरू होते ना, तेव्हा हिराकडे आदल्या दिवसाची रात्र असते."

"म्हंजी मी कालच्या दिसात चालली व्हय?"

"तसंच म्हणा."

तिनं बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाली, "बरं हाय की. मागल्या खेपेला जायचं ऱ्हायलं, ते आता करता यील."



*

तिला वाचता येत नव्हतं, म्हणून साहेबांनी चित्रांची प्रोसेस शीट, म्हणजे कामाच्या पायऱ्यांचा कागद, करायला लावली. चित्रं मी काढली. आमच्यात ऑपरेशनला, म्हणजे एकेका पायरीला, नंबर दहा-दहाच्या अंतरानं देतात. दहा, निरोप. वीस, विमानात चढणे. तीस, पट्टा बांधणे. असं करत नव्वदला हिरा. खाली 'मंजूर' लिहिलेला चौकोन साहेबांनी कोरा ठेवला. "काम पार पडल्याशिवाय मी सही करत नाही!"

सोनाआईला आकडे मात्र कळायचे. "मधलं नऊ आकडं कुटं गेलं?"

नामदेव म्हणाला, "मधे काही राहिलं असेल तर घालायला जागा ठेवतात, आई."

"मंग पंधराला रडायचं घाला. त्याबिगर ईस न्हाई व्हायचं."

घातलं! माझ्या हातानं घातलं.

*

मुंबईला सांताक्रूझ विमानतळावर आम्ही अकरा जण सोडायला गेलो. जंबो विमान तेव्हा नवंच होतं. गॅलरीतून ते दिसलं आणि आम्ही सगळे कठड्याला चिकटलो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून भांडणारी माणसं आम्ही! एवढं अवजड धूड हवेत जातं, ते कुणीतरी आपल्यासारख्यांनीच नटबोल्ट आवळून केलंय, या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

रफिकभाई एवढंच म्हणाले, "या अल्ला! याच्या सीटा कोण शिवत असेल!"

आत जाताना सोनाआईच्या डोळ्यांत टिपूस नाही. रडत होता तो नामदेव, हमसून हमसून. तिनं शीट उघडली, पंधरावर बोट ठेवलं आणि पोराकडे बघत थांबून राहिली.

"झालं का रं तुजं पंधरा? मंग मी ईस करती."

आणि पायबैठकीची पिशवी काखेला मारून निघाली, मागं वळूनसुद्धा बघितलं नाही. आम्ही अकरा जण बघतच राहिलो.

*

सोनाआई पोचल्याची तार आली, त्यानंतर काहीच नाही. सहा आठवडे! हिराचे दिवस भरून गेले असणार, हे सगळ्यांना कळत होतं. नामदेव रोज गेटवर टपाल विचारायचा आणि पडल्या चेहऱ्यानं मशीनवर यायचा.

एक दिवस पाकीट आलं. त्याला उघडवेना, म्हणून साहेबांनी उघडलं. आत पत्र नव्हतंच. आमचीच प्रोसेस शीट होती, घडीवर फाटलेली, चहाचे डाग पडलेली.

नव्वदच्या खाली वेड्यावाकड्या हातानं एक नवा आकडा घातला होता. पंच्याण्णव. ज्या बाईनं जन्मात पेन्सिल धरली नव्हती, तिनं त्यापुढं पाळणा काढला होता, आणि पाळण्यात एक इवलंसं तोंड. शेजारी तिचा निळा अंगठा.

नामदेवनं लेथ बंद केलं. मग शेजारच्यानं. हळूहळू सगळी टूलरूम शांत झाली.

साहेबांनी चष्मा पुसला, घातला, पुन्हा पुसला. "ना माप, ना स्केल, ना टॉलरन्स! असलं ड्रॉइंग मी आजवर पास केलेलं नाही!"

आणि खिशातलं पेन काढून त्यांनी 'मंजूर'च्या चौकोनात सही केली.