गच्चीवरच्या धुळीचं भांडं

राहू गावच्या अनसाबाईंच्या घरातून कुणाचं भांडं कधी रिकामं परत गेलं नाही. स्वच्छतेचं तर असं वेड, की पाहुण्याचा चहा संपतो न संपतो, तोच कप घासून पालथा!

पुण्याच्या गौतमीनं संशोधनासाठी त्यांच्या गच्चीवर एक पसरट भांडं ठेवलं. महिन्यानं न्यायला आली, तर भांडं राखेनं घासून लख्ख आणि वर त्यात गुळाचा खडा.

गौतमीनं कपाळाला हात लावला. "आजी, मला त्यातली धूळच हवी होती! ज्वालामुखीच्या धुरातून, समुद्राच्या तुषारांतून, उडत्या मातीतून लोखंड, जस्त असले धातू हवेत चढतात आणि पार ध्रुवावरच्या बर्फात जाऊन बसतात."

"म्हंजी आपल्या रानातल्या मातीतलं बी?"

"थोडं पोचतही असेल."

अनसाबाई ओशाळल्या. भांडं पुन्हा गच्चीवर गेलं. महिनाभर ती धूळ बघून त्यांचे हात नुसते शिवशिवत होते, पण बाई बधल्या नाहीत.

गौतमी आली तेव्हा त्यांनी तळाशी करडी धूळ साचलेलं भांडं दोन्ही हातांनी पुढं केलं.

"घे बाय. आन् त्या बर्फाकडं कवा गेलीस तर सांग, अनसाबाईनं रिकामं न्हाई धाडलं."