पट्टी कार्डात बसत नाही

आमची मावशी शिलाईवाली. पायमशीनवर जन्म गेला तिचा, आणि तोही अनवाणी. "चप्पल घातली की मशीन पायाला कळत नाही," म्हणायची. मी शेजारी बसून काजं-बटणं करायचे.

डायबेटिस झाला तरी सवय सुटली नाही. एकदा तुटलेल्या सुईचं टोक तळव्यात घुसलं आणि बाईला पत्ताच नाही! फरशीवरचं रक्त मी बघितलं. "दुखत नाही गं, म्हणजे काही नाही." अगं, पाय बधिर झालेला, दुखणार काय, कपाळ!

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरबाई म्हणाली, "रोज पट्टी बदला, पाय वाचेल." पण तिथे ना औषध, ना पट्टी बांधायला माणूस. बाहेर खासगी डॉक्टरकडे रोज जायची ऐपत नव्हती. मग मावशीचं जपून ठेवलेलं विम्याचं कार्ड घेऊन मोठ्या इस्पितळात गेलो. खिडकीतला बाबा दात कोरत होता.

"पट्टी कार्डात बसत नाही. ॲडमिट असाल तर बोला."

"मग करा की ॲडमिट!"

"एवढ्याशा जखमेला?" हसला मेला.

शेवटी मावशीने घरीच पट्ट्या केल्या. कातरणातलं मऊ सुती कापड निवडलं, उकळलं आणि प्रत्येक पट्टीची कड दुमडून शिवली. दोरे सुटलेलं कापड अंगाला लावणं तिच्या जिवावर यायचं. नीट बारीक टाके. ती शिवण रात्रंदिवस जखमेला घासत राहिली आणि दोघींपैकी एकीलाही कळलं नाही. पाय काळा पडला, घाण वास सुटला, तेव्हा डोळे उघडले.

पुन्हा तीच खिडकी. आता मात्र स्वारी खूश. "हे बसतं! ऑपरेशन, खाट, जेवण, सगळं फुकट." पाय गुडघ्याखाली कापला. तोही मशीनचा, उजवाच. किळस आली मला त्या माणसाची, त्या कार्डाची, सगळ्यांची.

नर्स पट्टी बदलायला आली तेव्हा तो खिडकीतला बाबा कागदावर मावशीच्या हाताचा अंगठा घ्यायला उभा होता. मावशीने विचारलं, "दादा, आता ही पट्टी बसते का कार्डात?"

"हो मावशी! आता रोज बसते."

थुंकावंसं वाटलं मला. मावशी त्या जाळीदार कापडाची कड बोटांनी चाचपत होती.

"शिवायची नसते होय," ती म्हणाली.