कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं पॅकिंग

हे मी सुमनलाही सांगितलेलं नाही. सुमन म्हणजे माझी बायको — माझं पोट बिघडलंय हे माझ्याआधी तिला कळतं, पण हे नाही कळलं. आज तुम्हाला सांगतोय. आत्ताच का? ते विचारू नका, मलाही धड माहीत नाही.

मी फौजेच्या वर्कशॉपमधला माणूस. हवालदार म्हणून रिटायर झालो आणि गावी साताऱ्याकडे न जाता दिल्लीतच राहिलो. तिथल्या द्वारका भागात तेव्हा नुसत्या सोसायट्या उठत होत्या, आमच्या बिल्डिंगला रंगसुद्धा लागला नव्हता. तिकडे मानेसरला गाड्यांचे कारखाने वाढत होते, सुटे भाग वाहायला ट्रक हवे होते. मी एक जुना ट्रक घेतला आणि चालवायला महिपालला ठेवलं. हरियाणातल्या रेवाडीकडचा, चाळिशीचा, घरी तीन मुली. फार कमी बोलायचा. खरं सांगू? कमी बोलणारा माणूस मला पहिल्यापासून खटकतो. मनात काही असल्याशिवाय गप्प कोण बसतं?

एका रविवारी ट्रकखाली डिझेल ठिबकताना दिसलं. टाकीतून इंजिनाकडे जाणारं डिझेल आधी एका छोट्या वाटीत गाळलं जातं, तिच्या तोंडाशी रबराचं गोल पॅकिंग असतं. ते चिरलं होतं. दुकानं बंद. महिपाल म्हणाला, उद्या नवीन आणून बसवू. उद्या? मी अर्धं आयुष्य फौजेची इंजिनं उघडली, आणि एका पॅकिंगसाठी थांबू? सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर ट्रक लावला. भाऊ दर दिवाळीला गावाकडून मराठी कॅलेंडर पाठवायचा, त्यातल्या जुन्या एकाचा पुठ्ठा घरातून आणला. वर्कशॉपमध्ये करायचो तसा वाटीच्या तोंडावर धरला, हातोडीने हलके हलके ठोकत गोल कापला, ग्रीस चोपडलं, बसवला. थेंब गळेना! सुमनला मुद्दाम खाली बोलावून दाखवलं.

मंगळवारपासून ट्रक रस्त्यात बंद पडायला लागला. सुटताना ठीक, दहा-बारा किलोमीटर गेला की झटके खायचा आणि मग ठप्प. महिपाल खाली उतरून इंजिनावरचा डिझेलचा छोटा हातपंप मारायचा, नळीतली हवा काढायचा, की पुन्हा चालू. पुन्हा बंद. माल उशिरा पोचायला लागला, कारखान्याचा सुपरवायझर म्हणाला, असंच चाललं तर दुसरा ट्रक बघतो.

आता ऐका. वर्कशॉपमध्ये नव्या पोरांना मी पहिला नियम शिकवायचो — बिघाड शोधायचा तर शेवटचा हात जिथे लागला, तिथे आधी बघा. शेवटचा हात कुणाचा होता? माझा. पण तो माझा होता म्हणूनच तिथे बघायचं मला सुचलं नाही. की सुचलं, आणि मी नको म्हणालो?

मी महिपालकडे बघायला लागलो. डिझेल विकतो आणि वर रॉकेल ओततो — त्या काळी सगळे मालक हेच बोलायचे. मी टाकीत नाक घातलं. वास आला. म्हणजे, आला असं मी ठरवलं. टाकीत काठी बुडवून खुणा करायला लागलो. एक दिवस स्कूटर काढून मानेसरपर्यंत त्याच्या मागे गेलो. ढाब्यावर तो एका माणसाशी बोलला, त्याच्याकडून कॅन घेतला. पकडला! जवळ गेलो तर कॅनमध्ये रेडिएटरसाठी पाणी. तरी माझं समाधान होईना. मला पाहूनच त्याने कॅन बदलला असेल, असं वाटलं. चोवीस तास हेच डोक्यात.

शनिवारी तो मला म्हणाला, "साहब, एक बार जो आपने लगाया है, वो भी खोल के देख लो." माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ड्रायव्हर मला शिकवणार?

सोमवारी ट्रक गेला आणि आला, एकदाही न थांबता. मला खात्रीच पटली. संशय आलाय हे त्याला कळलं, म्हणून त्याने रॉकेल ओतणं थांबवलं! दुसऱ्या दिवशी ट्रकस्टँडवर, सगळ्या ड्रायव्हर-मालकांसमोर, मी त्याच्या हातातून चावी काढून घेतली. तेलचोर म्हणालो. मोठ्याने.  त्याने सीटवरचा टॉवेल घेतला आणि गेला.

आठवड्याने मी टूलबॉक्स साफ करत होतो. तळाशी वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेलं काहीतरी. उघडलं — माझा पुठ्ठा. डिझेल पिऊन फुगलेला, एका बाजूने फाटलेला, त्यावर छापलेला मराठी 'मंगळ' अजून वाचता येत होता. धावत जाऊन वाटी खोलली. आत नवं कोरं रबराचं पॅकिंग. इतके दिवस पुठ्ठ्याच्या फटीतून हवा ओढली जात होती, आणि ती फट मी ठेवली होती. महिपालने ती शोधली, गुपचूप बुजवली आणि पुठ्ठा जपून ठेवला. स्टँडवर पुठ्ठा नुसता टूलबॉक्समधून काढून दाखवला असता तरी माझं हसं झालं असतं. का नाही दाखवला? माझी लाज राखली? अजूनही विचार करतो.

आणि मी काय केलं? पुठ्ठा घरच्या खणात टाकला. संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची सहल पानिपतला, लढाईच्या स्मारकावर, काला अंबला गेली, तेव्हा बसमध्ये मी रंगवून सांगितलं — चोर गेला आणि ट्रक सुधारला. सगळे हसले. सुमन सगळ्यांत जास्त.

सहा महिन्यांनी महिपाल घरी आला. स्टँडवर, मानेसरला, कुणी त्याला गाडी देत नव्हतं. रेवाडीच्या मंडीत पोती उचलत होता. धाकट्या मुलीला शाळेतून काढावं लागलं होतं. सोफ्याच्या कडेला बसून त्याने एवढंच मागितलं, की मी स्टँडवर एक शब्द टाकावा. पुठ्ठ्याचा खण माझ्यापासून दोन हातांवर होता. मी म्हणालो, "देखेंगे."

चहा संपवून त्याने विचारलं, "गाड़ी तो अब ठीक चलती है न, साहब?"

त्याला माहीत होतं. मला माहीत आहे हेही त्याला माहीत होतं. सुमन दारात उभी होती. मी म्हणालो, "तेरे जाने के बाद एक बार भी नहीं रुकी."

तो उठला. मग "अच्छा" म्हणाला, स्वतःचा कप आत ओट्यावर नेऊन ठेवला आणि जिना उतरून गेला.

दार लावताना सुमन म्हणाली, "एवढं करून परत आला, काय निर्लज्ज माणूस आहे हो."

मी म्हणालो, "हो ना."