कचरा तुम्ही बघा

स्टेजवर माझ्या हातात झाडू दिला.

खराखुरा झाडू. छोटा, शोभेचा, मुठीला लाल रिबीन बांधलेला. आमच्या मेलिंग लिस्टचं पुण्यात संमेलन होतं. कॉम्प्युटरवर मराठी नीट चालावं म्हणून खटपट करणाऱ्यांची ही लिस्ट. कुणीही मेल टाकायची, ती सगळ्यांना जायची. काम करणाऱ्यांचा सत्कार चालला होता. चौघांना पुस्तकं मिळाली. मग लिस्ट सुरू करणारे सर माईकवर म्हणाले, "आणि ह्या आपल्या झाडूवाल्या बाई! ह्या नसत्या तर आपण स्पॅममध्ये बुडालो असतो."

हॉल हसला. मीपण हसले. त्यांचं हसणं मी विसरेन. माझं नाही विसरत.

माझा बाप काय काम करायचा ते सरांना ठाऊक नव्हतं. नगरच्या एसटीत मी स्वतःला हेच सांगत आले. मग वाटलं, ठाऊक नसताना यांना इतकं नेमकं कसं सापडतं?

अण्णांनी भिंगारला तीस वर्षं साहेबांच्या बंगल्यांपुढचे रस्ते झाडले. घरी पोचल्यावर झाडू दडवायचं ठरवलं होतं, पण पिशवीतून दांडा बाहेर आला होता. अण्णांनी उचलला. मूठ दाबली, काड्या बोटांनी फाकवून बघितल्या.

"ह्यानं काय झाडनार? शोभेचा हाय. कुनी दिला?"

"बक्षीस मिळालं."

"बाकीच्यांना बी झाडूच दिला का?"

"नाही. पुस्तकं दिली."

अण्णांनी झाडू खाली ठेवला. हात धुऊन आले.

मी कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये नोकरीला. सात वर्षं रोज सकाळी, लॅब उघडायच्या आधी, लिस्टवर अडवलेल्या मेल तपासायचे. लॉटरी लागल्याच्या. ताकदीच्या गोळ्यांच्या. परदेशातल्या कुणा विधवेनं आपल्याला वारस नेमल्याच्या. सगळ्या उघडून बघायच्या, कारण त्यातच एखादी खरी असायची. तिसगावच्या एका शाळेतल्या बाईंची मेल अशीच सापडली होती. 'मुलांच्या नावातला ळ छापला की चौकोन येतो, काय करावे?' फिल्टरनं, म्हणजे नको त्या मेल आपोआप अडवणाऱ्या प्रोग्रॅमनं, ती स्पॅममध्ये टाकलेली. का, तर मराठीत होती म्हणून. फिल्टर इंग्रजीवर पोसलेला. देवनागरी दिसली की त्याला संशय. पुण्यातल्यांच्या इंग्रजी मेल सरळ जायच्या. खेड्यातून मराठीत लिहिणारा दारातच अडायचा.

संमेलनानंतर मला स्वस्थ बसवेना. अण्णांचं ते हात धुणं डोक्यातून जात नव्हतं. मी फिल्टरचे नवे नियम लिहायला घेतले. सात वर्षांच्या मेल काढल्या. खरा माणूस मराठीत कसं लिहितो, भाषांतर करून पाठवलेली फसवी मेल कशी असते, ते एकेक ताडून बघितलं. नियम तपासायला घरातली वाक्यं वापरली. 'आज पानी न्हाई आलं' हे अण्णांचं. चार महिने गेले. शेवटी खरी मेल अडेनाशी झाली.

ते काम मी एकट्या सरांना पाठवलं. भीती होती. चूक निघाली तर पुन्हा सगळे हसतील.

सरांचं उत्तर आलं. "कचरा तुम्ही बघा. नियम आम्ही लिहितो."

सहा आठवड्यांनी लिस्टवर सरांची मेल आली. देवनागरीसाठी नवे नियम, लेखक म्हणून सर. मी वाचत खाली गेले. तपासणीच्या वाक्यांत 'आज पानी न्हाई आलं' जसंच्या तसं. माझ्या बापाचं वाक्य. सरांच्या सहीखाली.

अभिनंदनाच्या मेल सुरू झाल्या. 'सर, अप्रतिम!' नवे नियम अजून बसवलेले नव्हते, म्हणून त्यातल्या दोन मराठी मेल फिल्टरनं अडवल्या. त्या सोडायचं काम माझं. कचऱ्यात टाकल्या असत्या तर कुणाला कळलंही नसतं. सोडल्या. दोन्ही.

मग लिस्टवर लिहिलं. उघड, सगळ्यांना. सरांना पाठवलेली माझी मेल तारखेसह जोडली, त्यांचं एका ओळीचं उत्तरही जोडलं. खाली सही केली. तोवर मी नुसतं नाव लिहायचे. आडनाव वाचलं की लोक पुढचं ओळखतात. त्या दिवशी पूर्ण लिहिलं. माझं, बापाचं, आडनाव. त्याखाली एक ओळ: 'उद्यापासून अडवलेल्या मेल मी एकटी बघणार नाही. पाळ्या लावा. सरांचीही लावा.'

तासाभरात सरांचा फोन. "अहो, हे खाजगीत बोलता आलं असतं."

"मी खाजगीतच पाठवलं होतं, सर. म्हणून तर ते तुमचं झालं."

पलीकडून फोन कापला.

एकानं लिहिलं, 'इथे जात आणू नका.' मी जातीचा शब्दही काढला नव्हता. फक्त आडनाव लिहिलं होतं. सरांनी नियमांखाली बारीक अक्षरात 'यांच्या सहकार्याने' असं माझं नाव घातलं. मी कळवलं, मी सहकार्य केलेलं नाही. लेखक मी आहे. तीन दिवस अडवलेल्या मेल तशाच पडून राहिल्या. चौथ्या दिवशी तिसगावच्या बाईंनी लिहिलं, 'बुधवारची पाळी मी घेते.' मग आणखी तिघे आले. महिन्यानं नियमांवरचं नाव बदललं. सरांनी माफी मागितली नाही. मंगळवारची पाळी त्यांची. मंगळवारी मेल तुंबतात. मी हात लावत नाही.

चैन अजूनही नाही. त्या ढिगात कुणाची तरी खरी मेल वाट बघतेय हे मला माहीत असतं, आणि बुधवारपर्यंत, बाईंच्या पाळीपर्यंत, ते सोसावं लागतं. लिस्ट मात्र मी सोडणार नाही. मी सोडून जाणंच त्यांना सोयीचं. पुढचे नियमही मीच लिहिणार, पहिल्या ओळीपासून सगळ्यांसमोर. त्यावर कुणी आपलं नाव टाकलं, तर मी पुन्हा उघड्यावर बोलणार.