परत आलेल्या ड्रमचं पान

"तुमच्या पुस्तकात ड्रम कुठंच नाहीत," म्हात्रेकाका फोनवर सांगत होते. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यातले स्टोअरकीपर. सकाळपासूनचा त्यांचा हा चौथा फोन.

ड्रम बाविसाव्या पानावर होते. पानाचं शीर्षक होतं 'इनवर्ड रिटर्न मॉड्यूल'.

ठाण्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात मालाच्या साठ्याचं सॉफ्टवेअर बनायचं. त्याबरोबर एक हेल्प मॅन्युअल जायचं. एकेका पानावर एकेक काम, ते कसं करायचं ते. सॉफ्टवेअर जोशीसरांनी लिहिलेलं. शीर्षकंही तेच सांगायचे, स्क्रीनवर होती तशी; मी टाइप करायचो. नववीत शाळा सोडून नांदेडहून आलेल्या मला सरांनी कॉम्प्युटरला हात लावू दिला होता. ते उपकार मोठे होते, त्यामुळे त्यांच्यापुढे तोंड उघडायची माझी छाती नव्हती.

पण कारखान्याने कळवलेलं, शनिवारपर्यंत जमलं नाही तर सॉफ्टवेअर परत न्या. सर मला म्हणाले, "मॅन्युअल तू केलंयस. ते परत आलं तर तूही नांदेडची गाडी पकड."

मी मानपाड्याला गेलो. काकांनी पानापानावर चिठ्ठ्या डकवल्या होत्या. बाविसाव्या पानावर 'साळवी ड्रम परत आणतो तेव्हा'. पुढे एका पानावर 'मोठे साहेब ओरडतात तेव्हा'.

"हे काय, काका?"

"अरे, साळवी टेम्पो घेऊन दारात उभा असतो. तेव्हा मी काय शोधू, मॉड्यूल?"

मला पटलं. इतकं पटलं, की ऑफिसात येऊन सगळ्या चिठ्ठ्या जशाच्या तशा शीर्षकात टाकल्या आणि पानं कारखान्यात पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी सेकंड शिफ्टच्या स्टोअरकीपरचा फोन. सरांनीच उचलला.

"कोण साळवी? आमच्या शिफ्टला टेम्पो पाटील आणतो."

सरांनी फोन ठेवला. "मॅन्युअल आहे की गावकी? मॉड्यूल टाक परत."

मॉड्यूल परत टाकलं तरी नांदेडची गाडी पकडावी लागणारच होती, म्हणून बोललो. "सर, मॉड्यूल तुम्हाला माहीत. साळवी म्हात्रेकाकांना माहीत. ड्रम दोन्ही शिफ्टना माहीत आहेत."

मी 'परत आलेले ड्रम साठ्यात घेणे' असं टाइप करून दाखवलं.

"स्क्रीनवर कुठं लिहिलंय असं?"

"स्क्रीनवरचं नाव खाली बारीक देतो."

"किती लांबलचक," सर म्हणाले. पण खोडलं नाही. मग मी सगळी सत्तेचाळीस शीर्षकं तशीच बदलली आणि पानं पुन्हा कारखान्यात पाठवली.

शनिवारी फोन वाजला. मीच उचलला.

"ड्रम सापडले रे," काका म्हणाले. "आता तुमचा प्रिंटर कागद खातोय."

प्रिंटर आमचा नव्हता. तरी मी अर्धा तास ऐकून घेतलं. सॉफ्टवेअर कारखान्यात राहिलं, मी ठाण्यात राहिलो.

मी एक शिकलो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला हेल्पचं पान कधीच शोधावं लागत नाही. म्हणून शीर्षक त्याला विचारू नये. विचारायचंच असेल तर ज्याचं काम अडलंय त्याला विचारावं, आणि एकाच शिफ्टला विचारून थांबू नये.