पाणी कुणी सोडलं?

करिमाभाभींचं माहेर कळसचं. वडील कालव्यावर पाटकरी, म्हणजे दार उचलून शेतांना पाणी सोडणारे. त्यामुळं पाणी आलं म्हणजे ते कुणीतरी सोडलं, एवढंच भाभींना ठाऊक. इंदापुरात आमच्या शेजारी त्या साड्यांना फॉल-पिको करून देतात. पूर्वी मशीनपेक्षा तोंड जास्त चालायचं. “रंग आवडला न्हाय तर साडी बदलून मिळंल, नवरा न्हाय,” म्हणून नव्या सुनांना हसवायच्या.

गेल्या वर्षी बाशी ईदला, म्हणजे ईदच्या दुसऱ्या दिवशी, त्यांचा मुलगा अल्ताफ लोणी देवकरच्या कारखान्यातल्या मित्रांबरोबर कोकणात गेला. सकाळी ओहोटी होती. उघड्या पडलेल्या खडकावर फोटो काढायला चालत गेला, परत फिरेपर्यंत मागं पाणी भरलं होतं. पुढच्या ओहोटीला वाळूवर सापडला.

मय्यतीचे लोक पांगले तरी भाभींचं एकच.

“पाणी कुणी सोडलं ओ ताई? भोंगा का न्हाय दिला? अब्बा दार उचलायच्या आदी गावभर ओरडत फिरायचे. त्या माणसाला मला एकदा बघायचंय.”

नशीब म्हणून सोडून दे, असं सगळे सांगून थकले. शेवटी मीच बसले समजावायला.

“भाभी, तिथं दार नसतं. चंद्र समुद्राचं पाणी ओढतो. पृथ्वी फिरते, तसं किनाऱ्याला दिवसातून दोनदा पाणी चढतं, दोनदा उतरतं. अमावस्येच्या आसपास चंद्र-सूर्य एका ओळीत येतात. दोघांची ओढ मिळून भरती मोठी होते.”

मशीनवरचा पाय थांबला. “अमावस्या… म्हंजी आमचा ईदचा चांद?”

“तोच.”

“ज्याची वाट बघत आमी छतावर हुबं हुतो, त्यानंच?”

“त्याला काही कळत नाही हो, भाभी.”

“तेच तर. अब्बाला कळायचं.”

त्यानंतर त्यांनी तो प्रश्न विचारला नाही. मला वाटलं होतं, उत्तर मिळाल्यावर जरा हलकं वाटेल. उलट भांडायला होता तो माणूसही गेला.

यंदा ईदच्या आदल्या संध्याकाळी सगळी गल्ली गच्चीवर. मी दूध द्यायला गेले तर भाभी खाली एकट्याच. एवढ्यात फटाका वाजला. “दिसला, दिसला!”

“ताई, तिकडं पाणी चढायला लागलं असंल?”

“लागलं असेल.”

“कुणी असंल का खडकावर?”

मी दुधाचं भांडं ओट्यावर ठेवलं.

वरून हाक आली, “भाभी, या की चांद बघायला!”

त्यांनी उठून खिडकी लावून घेतली.